मार्केट यार्डातल्या पाठी : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजपासून काम सुरू. हमाल भवनातली मागची खोली मिळाली आहे. एक लाकडी बाकडं, एक पंखा आणि कोपऱ्यात रचलेलं बारदान. गावाचं आणि बाजार समितीचं नाव या वहीत लिहायचं नाही, असं हमालांच्या टोळीने पहिल्याच बैठकीत सांगितलं. सोयाबीन, तूर आणि हरभरा येणारं मराठवाड्यातलं एक मार्केट यार्ड, एवढं पुरे.

मी फिजिओथेरपिस्ट. सहा वर्षं हमालांच्या पाठी माझ्याकडे येतात. मी शेक देते, व्यायाम शिकवते, आणि दोन दिवसांनी तो माणूस पुन्हा पोत्याखाली जातो. पाठ माझ्यापर्यंत येण्याआधी तिचं काय होतं, हे यार्डात उभं राहून बघायचं आणि जमेल ते बदलायचं, यासाठी हे सहा महिने.

आज अकरा जणांशी बोलले. अंगदुखीच्या पाहणीसाठी नॉर्डिक प्रश्नावली जगभर वापरतात, १९८७ साली ती आली. पाठमोऱ्या माणसाचं चित्र, त्यावर नऊ भाग. बारा महिन्यांत कुठे दुखलं, सात दिवसांत कुठे दुखलं, त्यापायी काम बंद ठेवावं लागलं का. तिचा मराठी मसुदा मी घरी करून नेला होता. त्यातला ‘स्नायू-अस्थी विकार’ हा शब्द पाच मिनिटांत खोडला. इथले शब्द असे: कमरेत उसण भरली, मान आखडली, खांदा भरून आला, पोटरीत गोळा आला, नस दबली, मणक्यात गॅप पडला, गुडघे वाजतात. यात उसण आणि नस यांची गल्लत कुणीच करत नाही. उसण जागच्या जागी भरते, नस पायात उतरते. माझ्या पाठ्यपुस्तकात हाच फरक दोन पानं घेतो.

‘काम बंद ठेवावं लागलं का’ या प्रश्नाला अकराही जणांनी ‘नाही’ म्हटलं. काम बंद म्हणजे त्या दिवसाची हमाली बंद, त्यामुळे हा प्रश्न इथे काहीच मोजत नाही. त्याऐवजी ‘कोणत्या दिवशी हलकं काम मागून घेतलं’ असं विचारायला हवं. उद्यापासून तसं.

उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेतात. यार्डातला एक चहावाला पायाळू आहे, सकाळी त्याच्याकडे दोघे-तिघे तरी जातात. मी त्याला अडवणार नाही. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्याला फक्त एवढं सांगितलं: पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीचा त्रास म्हणाला, तर पाय लावू नका, माझ्याकडे पाठवा. तो म्हणाला, “पाठवतो ताई. माझा भाऊपण हमालच होता.”

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सहाला टेप घेऊन यार्डात. ट्रॉलीचा पाटा जमिनीपासून ११० सेंटिमीटर, ट्रकचा १३५, गाळ्यापुढचा ओटा ७०. पोतं जमिनीवर आडवं पडलेलं असेल तर हात लागतात ते साधारण १५ सेंटिमीटरवर.

लांबून बघताना सगळे हमाल एकच काम करतात असं वाटतं. तीन तास उभी राहिले तेव्हा दोन कामं दिसली. उतराईत वरचे दोघे पोतं ओढत पाट्याच्या कडेला आणतात, खालचा पाठ करून उभा राहतो आणि मान-खांद्यावर घेतो. पोतं त्याच्या उंचीलाच येतं, तो फारसा वाकत नाही. भरणीत मात्र पोतं जमिनीवरून उचलावं लागतं. दोघे दोन बाजूंनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात, तिसरा फळीवरून ट्रकमध्ये जातो. चढवणाऱ्यांची कंबर जाते, वाहणाऱ्याची मान आणि गुडघे. चित्रावरच्या खुणाही तशाच पडल्या आहेत. एकाच टोळीत दोन वेगळी दुखणी, आणि चढवणारे वर्षानुवर्षं तेच. जो ताकदीचा तो चढवायला, अशी रीत आहे. म्हणजे टोळीतल्या सगळ्यात धडधाकट माणसांच्या कमरा आधी निकामी होतात.

मुकादम मामांना विचारलं, तासातासाने जागा बदलता येतील का? ते म्हणाले, चढवणाऱ्याचा हात बसलेला असतो, नवखा लावला तर पोतं वाकडं चढतं आणि वाहणाऱ्याचीच मान मोडते. बरोबर आहे. तरी शिकवता येईल. टाचण करून ठेवलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

प्रशिक्षण वर्ग घेतला. भिंतीवर चित्रं लावली: कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ धरा. वीसेक जण आले, चहा झाला. शेवटी आबा उठले. टोळीतले सगळ्यात थोरले, साठी ओलांडलेले. म्हणाले, “ताई, एक पोतं असं उचलीन. दोनशे कसं उचलू?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते नसणार हे मला आधी माहीत असायला हवं होतं. गुडघ्यात पूर्ण बसून उचलताना दर वेळी आख्खं शरीर खाली-वर करावं लागतं, दम लवकर लागतो, शिवाय गुडघ्यांवर ताण. त्यातून पोतं एवढं रुंद की दोन गुडघ्यांच्या मधे मावतच नाही. ते गुडघ्यांच्या पुढे राहतं, म्हणजे कमरेपासून आणखी लांब जातं. जे टाळायला शिकवते तेच घडतं. उचलण्याची पद्धत शिकवून कंबरदुखी कमी होते का, यावरचे अभ्यास एकत्र करून तपासले गेले आहेत. नुसत्या शिकवण्याने ती कमी झाल्याचं दिसलेलं नाही. हे मी शिकताना वाचलं होतं. तरी चित्रं घेऊन गेले, कारण चित्रं लावायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाचा पैसा लागत नाही, आणि काम केल्यासारखं दिसतं.

चित्रं काढली. आबांना म्हटलं, पुढच्या वेळी मी शिकवणार नाही, तुम्ही दाखवा.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती, यार्ड बंद. दिवसभर आकडेमोड.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेचं उचलण्याचं सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. सुरुवात २३ किलोपासून होते. सगळं काही अनुकूल असेल, म्हणजे वजन अंगाला चिकटून, कंबरेच्या उंचीवर, चांगली पकड, क्वचित उचल, तर २३ किलो. मग एकेक अडचण लागली की त्यातून कापत जायचं.

आपली भरणी घातली. हात कमरेच्या मणक्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे. उचल १५ सेंटिमीटरवरून, चढवणं १२० पर्यंत. मिनिटाला एक, दिवसभर. पकड वाईट, कारण पोतं मधे झोळ खातं.

२३ × ०.६२५ × ०.८२ × ०.८६ × ०.७५ × ०.९ (क्रमाने: अंगापासूनचं अंतर, उचलायची उंची, किती वर न्यायचं, मिनिटाला किती वेळा, पकड). उत्तर येतं जेमतेम ७ किलो.

दोघांनी ५० किलोचं पोतं उचललं तर प्रत्येकी २५. सुचवलेल्या वजनाच्या साडेतीन पट. एक सावधगिरी: हे सूत्र एकट्याने, जागेवर उभं राहून, दोन हातांनी उचलण्यासाठी आहे. दोघांची उचल किंवा पाठीवरची वाहतूक त्यात नीट बसत नाही. तेव्हा ७ हा आकडा मी कुणाला कायदा म्हणून दाखवणार नाही. मला त्यातून वेगळंच काही हवं होतं: कुठलं काप सगळ्यात मोठं आहे?

आकडा जितका लहान तितकं काप मोठं. सगळ्यात मोठं ०.६२५ चं, म्हणजे अंगापासूनचं अंतर. पोतं ओट्यावर, ७५ सेंटिमीटरवर ठेवलं आणि तिथूनच उचललं, तर उत्तर ७ वरून ९ किलोच्या आसपास जातं. तेच पोतं कडेला ओढून हात ३० सेंटिमीटरवर आणले, तर जवळजवळ १२. पोत्याचं वजन तेच, माणूस तोच.

म्हणजे फिरवता येतील अशा चार कळा आहेत: पोत्याचं वजन, ते उचलायची उंची, अंगापासूनचं अंतर आणि पकड. माणसाची पद्धत यात नाही. चारही कळा हमालाच्या हातात नाहीत. त्या आडत्याच्या (माल विकून देणाऱ्या दलालाच्या), शेतकऱ्याच्या, बाजार समितीच्या हातात आहेत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सोयाबीनची आवक जोरात. दसरा परवा.

काट्यावर उभी राहून शेतकऱ्यांच्या ट्रॉल्यांतून उतरलेली तीस पोती वजन केली. मोजकीच पन्नाशीच्या खाली. बरीच साठीच्या पुढे. एक ७४ भरलं. ते ज्याने पाठीवर आणलं तो पोरगा चोवीसचा, माझ्याकडे बघून हसला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली हाताने वाहायच्या ओझ्यांबद्दल करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल धरली आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातलं ३४ वं कलम सांगतं की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. पण यार्ड म्हणजे कारखाना नव्हे. इथे लागू होतो तो १९६९ चा माथाडी कायदा. तो फार मोलाचा आहे: मजुरी माथाडी मंडळामार्फत, तिच्यावर मालकाकडून लेव्ही (जादा टक्केवारी), त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. माथ्यावर ओझं वाहणाऱ्याला त्याआधी मालकही नव्हता आणि हक्कही नव्हता. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायला हमाल संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. खरेदी केंद्रावरचं सरकारी बारदान आज पन्नास किलोचंच असतं. राहिलं ते शेतातून येणारं पोतं.

ते जड का? दोन शेतकऱ्यांशी बोलले. एक म्हणाला, बारदान महाग आणि कमी, मग आहे त्यात दाबून भरायचं. दुसऱ्याने खिशातून विक्रीच्या हिशोबाची पट्टी काढून दाखवली: हमाली आणि तोलाई नगावर कापलेली. पन्नास क्विंटल माल शंभर पोत्यांत आणला तर शंभर नगांची हमाली, सत्तर पोत्यांत आणला तर सत्तर नगांची. त्याचा भाव आधीच पडलेला. त्याने दाबून भरलं तर त्याला मी कशी नावं ठेवू? दर नगावर आहे, म्हणून नग फुगतो. सगळं तिथे अडकलं आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एका देणगीदारांचा निरोप आला. टोळीतल्या सगळ्यांना कंबरपट्टे द्यायचे आहेत, दिवाळीआधी छोटा कार्यक्रम करू.

रात्रभर विचार केला. पट्टा बांधल्यावर आधार वाटतो, हे खरं. हमाल पिढ्यान्‌पिढ्या कमरेला टॉवेल आवळून बांधतातच. पण धडधाकट कामगाराला पट्टा दिल्याने कंबरेची इजा टळते, याला आधार नाही. नायॉशने १९९४ सालीच तसं म्हटलं, आणि पुढे तिकडच्या दुकान-कामगारांच्या मोठ्या पाहणीतही पट्टेवाल्यांत आणि बिनपट्टेवाल्यांत फरक दिसला नाही. भीती वेगळीच आहे: पट्टे वाटले की सत्तर किलोच्या पोत्याबद्दल बोलायचं कारण उरत नाही. “आता पट्टा दिलाय ना?”

फोन करून नको म्हटलं, आणि त्याच पैशांत दोनचाकी हातगाड्या सुचवल्या. ते दुखावले. गाड्यांचं बघू म्हणाले. हमालांना विचारल्याशिवाय नकार दिला, हे चुकलं. संध्याकाळी टोळीला सांगितलं तेव्हा दोघे नाराज झाले, त्यांना पट्टा हवा होता. त्यांचा तो हक्क होता. यापुढे त्यांच्या नावाने आलेल्या वस्तूला मी परस्पर हो किंवा नाही म्हणणार नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दुखण्याच्या गोळ्या. खिशात सुट्ट्या असतात, सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर एक, दुपारी एक. त्यातल्या काहींना रक्तदाब आहे हे आज कळलं. अशा गोळ्या रोज घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला धोका, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला तर जास्तच. शेजारच्या डॉक्टरांना दर शनिवारी तासभर बसायला तयार केलं. पाण्याचे दोन माठ भरणीच्या जागेजवळ हलवले. आधी ते गेटपाशी होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पावणेसातला चहावाला धावत आला. चोवीसचा तो पोरगा, ७४ किलोचं पोतं आणणारा. शनिवारी भरणीत चढवायला उभा होता, कमरेत कट्‌ असा आवाज आला. एका खाजगी दवाखान्यात दोन दिवस इंजेक्शनं घेतली. काल रात्रीपासून दोन्ही पाय जड, आणि आज पहाटे लघवी होईना. चहावाल्याकडे तो पाय लावून घ्यायला आला होता. चहावाल्याने विचारलं, मुंग्या येतात का, लघवी होते का.

मी जांघेत आणि बैठकीच्या जागी स्पर्श तपासला. कळत नव्हता. सरकलेली चकती पाठीच्या कण्याच्या शेवटच्या नसांच्या जुडग्यावर दाबली की असं होतं. यात तास मोजतात. उशीर झाला तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जातो. मुकादम मामांनी आडत्याची जीप घेतली, पाच जण बरोबर, थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. एमआरआय झाला, रात्री शस्त्रक्रिया.

रात्री साडेअकरा वाजता हे लिहितेय. त्याची आई यार्डातच चाळणीवर काम करते. ती दिवसभर माझ्या खोलीत बसून होती. एकदाच बोलली: “त्यानं मला सांगितलं न्हाई. दुखतंय म्हणून न्हाई सांगितलं.”

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोरगा बरा आहे. लघवी व्हायला लागली, उजव्या पावलात अजून ताकद कमी.

आज आडते, मुकादम आणि समितीचे लोक अशी बैठक ठरली होती, परवाच्या मतदानामुळे पुढे ढकलली.

यार्डाच्या नोंदवहीत बघितलं: पोतं अंगावर पडलं, फळीवरून पाय घसरला, असे अपघात लिहिलेले आहेत. पोराच्या त्या शनिवारचं काहीच नाही. विचारलं तर म्हणाले, पडला कुठे तो? झिजेला रकानाच नाही. टोळीची स्वतःची वही सुरू केली. रोज संध्याकाळी मुकादम मामा फक्त तीन गोष्टी लिहितील: कुणाला, कुठे, काय करताना. दुखल्याच्या पहिल्या दिवशी, पडल्यावर नव्हे. आणि ज्याचं नाव लिहिलं त्याचा दुसऱ्या दिवशीचा वाटा कापायचा नाही, त्याला काट्यावर किंवा शिवणीवर बसवायचं. हे शेवटचं टोळीनेच ठरवलं, अर्ध्या तासाच्या भांडणानंतर. हा नियम नसता तर वही कोरीच राहिली असती.

२ डिसेंबर, सोमवार

पकडीचा प्रश्न आबांनी सोडवला.

पोत्यात लोखंडी आकडा (हूक) लावला तर पकड उत्तम, पण पोतं फाटतं, माल सांडतो, म्हणून आडते आकडा लावू देत नाहीत. खताच्या बॅगेवर तर छापलेलंच असतं. आबा म्हणाले, पूर्वी पोत्याला कान ठेवायचे. शिवताना दोन्ही कोपरे वेगळे बांधून हाताच्या मुठीएवढे कान. आता काटा झाला की घाईने सरळ शिवण मारतात, पोतं वरपर्यंत भरलेलं असतं, कानाला जागाच राहत नाही.

दाभण आणि सुतळी घेऊन त्यांनी बसून दाखवलं. कान ठेवायचा तर वर वीतभर बारदान मोकळं सोडावं लागतं, म्हणजे पोतं आपोआप कमी भरतं! पकड आणि वजन, दोन्ही कळा एका सुतळीने फिरल्या. मी दोन महिने सूत्र घेऊन बसले होते, आणि हा माणूस चाळीस वर्षं हे हातात घेऊन फिरत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

खालच्या दोन कोपऱ्यांनाही आतून मूठभर धान्य चिमटून सुतळी बांधली की चार कान होतात. चार पोती तशी केली. चढवणारे दोघेही म्हणाले, बोटं कमी भरून येतात.

शिवणाऱ्याचा वेळ वाढतो, पोत्यामागे अर्धा मिनिट तरी. त्याचा दर वाढवायला हवा, नाहीतर आठवड्यात कान गायब होतील.

१४ डिसेंबर, शनिवार

हातगाड्या. एका आडत्याने स्वखर्चाने दोन घेतल्या, पोती कमी फाटतात म्हणून. कारण काही का असेना.

पहिल्या दिवशी गाड्या उभ्याच राहिल्या. गाळ्यापासून रस्त्यापर्यंत फरशी उखडलेली, मधे उघडी नाली. भरलेली गाडी खड्ड्यात अडकली की तिला झटका देऊन काढताना कंबरेवर जो ताण येतो तो पाठीवरच्या पोत्यापेक्षा वाईट. हमाल गाडी वापरत नाहीत, सवय नाही, असं समितीतले एक जण म्हणाले. सवयीचा प्रश्नच नाही, चाकाखाली जमीन हवी. चौदा मीटर लांबीचा पट्टा सिमेंटने सारखा करून नालीवर लोखंडी झाकण टाकायला सांगितलं. बारीक टणक चाकं काढून हवेची लावली.

पट्टा झाला तर पहिल्या पाच गाळ्यांचं वाहणं संपेल. फळीवरून चढणं मात्र राहीलच.

६ जानेवारी २०२५, सोमवार

तुरीची सुरुवात.

आज दिवसभर चाळणीवर. मला स्वतःचीच लाज वाटली की चार महिने मी फक्त पोत्यांकडे बघत होते. चाळणाऱ्या आणि झाडणाऱ्या बायका सकाळी आठपासून ओणव्या किंवा उकिडव्या. वजन कमी, पण पाठ सोडवायला उसंत नाही. चाळणी हलवून मनगट आणि खांदा, उकिडवं बसून गुडघा, ओणवं झाडून कंबर. चित्रावर त्यांच्या खुणा हमालांपेक्षा जास्त ठिकाणी पडल्या. त्यांची नावं कुठल्याच टोळीत नाहीत, त्यामुळे वहीतही नाहीत.

पोराच्या आईने उपाय सांगितला: चाळणी दोरीने टांगली तर तिचं वजन हाताला येत नाही, नुसतं हलवायचं. तिवईला तीन बांबू, मधे दोरी, उंची कोपरापेक्षा थोडी खाली. उभं राहून चाळता येतं, बसून हवं तर दोरी लांब करायची. झाडूला लांब दांडा. दोन्ही मिळून खर्च किरकोळ. दुपारपर्यंत एक तिवई उभी. संध्याकाळी आणखी तिघींनी मागितली.

त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान केलं.

२७ जानेवारी, सोमवार

रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची रेक, म्हणजे आख्खी मालगाडी, लागली होती, तिथे गेले. एका वॅगनमध्ये हजाराहून जास्त बॅगा. ठरलेल्या तासांत रेक रिकामी झाली नाही तर रेल्वे दंड लावते, त्यामुळे सगळे घड्याळाशी झगडत असतात. विश्रांती मागायला जागाच नाही.

एक गोष्ट मात्र कामाची. युरियाची बॅग २०१८ पासून पन्नासची पंचेचाळीस किलो झाली. ते केलं शेतात युरिया कमी वापरला जावा म्हणून, हमालाचा विचार करून नव्हे. पण तिथला एक हमाल म्हणाला, सकाळी पाच किलो कळत नाही, चौथ्या वॅगनला कळतं. पोत्याचं वजन दिल्लीहून एका निर्णयाने बदलता येतं, हे मी आडत्यांच्या बैठकीत सांगणार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बैठक अखेर झाली. साडेतीन तास.

आडत्यांचं म्हणणं: पोती हलकी झाली की नग वाढतील, हमाली वाढेल, शेतकरी दुसऱ्या यार्डात जाईल. पोकळ नाही हे म्हणणं. मुकादम मामांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मग दर नगावर ठेवूच नका, क्विंटलवर घ्या. पोतं चाळीसचं असो की सत्तरचं, क्विंटलमागे हमाली तीच. मग दाबून भरण्यात शेतकऱ्याचा फायदा नाही, हलक्या पोत्यात त्याचा तोटाही नाही.

हे आम्ही आदल्या रात्री दहा वेळा हिशोब मांडून बघितलं होतं. हमालांचीही भीती होती: क्विंटलवर दर झाला तर हलकी पोती जास्त वेळा वाहावी लागतील आणि पैसे तेवढेच. ते खरं आहे. खेपा वाढतात. पण चढवणाऱ्याच्या कमरेवर येणारा एका वेळचा ताण कमी होतो, आणि जवळच्या गाळ्यांना गाडी आहे. आबांनी ते त्यांच्या शब्दांत सांगितलं: “चार खेपा जास्त झाल्या तर पाय दुखतील. पाय रात्री उतरतात. कंबर उतरत न्हाई.”

ठरलं ते एवढं: १ मार्चपासून हरभऱ्याला, फक्त उत्तरेच्या रांगेतल्या गाळ्यांवर, हमाली क्विंटलवर. साठ किलोच्या वरचं पोतं एकट्याच्या पाठीवर द्यायचं नाही, ते गाडीवर जाईल किंवा ओट्यावर फोडून दोन केलं जाईल. कानाच्या शिवणीला पोत्यामागे जादा पैसे, ते आडत्याने द्यायचे. भरणीचा माल जमिनीवर न टाकता ओट्याच्या कडेला रचायचा. संपूर्ण यार्डाला हे लावायला समितीने हंगाम संपेपर्यंत थांबा म्हटलं. दक्षिणेच्या रांगेतल्या आडत्यांनी सही केली नाही.

चढवणारे-वाहणारे यांची अदलाबदल टोळीने स्वतः सुरू केली आहे, दर पन्नास पोत्यांनी. नवख्यांना आबा अर्ध्या भरलेल्या पोत्यावर शिकवतात. ती पद्धत मी शूट करून ठेवली.

१० मार्च, सोमवार

हरभरा. उत्तरेच्या रांगेत सकाळपासून.

ओट्याच्या कडेला रचलेली थप्पी आता कंबरेच्या उंचीवर सुरू होते, खालचा थर म्हणून जुन्या लाकडी फळ्या टाकल्या आहेत. पहिले दोन दिवस गाड्या भरून आल्या की जागा पुरेना आणि पोती पुन्हा जमिनीवर पडली. तिसऱ्या दिवशी मुकादम मामांनी उतराईचा आणि भरणीचा वेळ वेगळा केला. क्विंटलचा दर नीट चालतोय, पण दोन शेतकऱ्यांना पट्टी समजली नाही. गेटवर फलक लावायला सांगितला.

काट्यावर आज तीस पोती वजन केली, ऑक्टोबरसारखीच. साठीच्या वरची तीन निघाली. धान्य वेगळं, हंगाम वेगळा, गाळे मोजके. या तीसवरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पुढच्या ऑक्टोबरमध्ये सोयाबीनला पुन्हा वजन करायचं, दोन्ही रांगांत.

दक्षिणेच्या रांगेत एका चढवणाऱ्याला उसण भरली. वहीत आहे.

पोरगा काट्यावर बसतो. उजवं पाऊल अजून थोडं घसटतं, लांब चालला की जास्त. त्याला पुन्हा पाठीवर पोतं घ्यायचं आहे, तिथे पैसे जास्त मिळतात. मी नाही म्हटलंय, डॉक्टरांनीही. मुकादम मामांनी त्याचा वाटा टोळीइतकाच ठेवला आहे, एक वर्षासाठी, सगळ्यांच्या सह्या घेऊन. पुढच्या वर्षाचं काय, ते आज कुणी बोललं नाही. तिसरं मोठं पोतं काट्यावर आलं तेव्हा त्यानेच आकडा मोठ्याने वाचला, “अडुसष्ट,” आणि हात वर करून गाडी मागवली.

उद्याची कामं: नालीवरचं झाकण हलतंय, वेल्डरला बोलवायचं. चाळणीच्या दोन तिवयांना नवी दोरी. दक्षिणेच्या रांगेतल्या पहिल्या गाळ्याच्या आडत्यांना भेटायचं, आबांना सोबत घेऊन.